माणसाचा वास, हरणाचं नाक

हरभरा घाटे धरू लागला की जंगलकाठच्या गावांतला शेतकरी सलूनमध्ये डोकावतो. दाढी-कटिंगसाठी नव्हे, कापून पडलेले केस मागायला. पोतंभर केस जमले की तो ते धुऱ्यावर पट्ट्यासारखे पसरतो, उरलेले जुन्या मोज्यांत भरून खुंट्यांना बांधतो. माणसाच्या वासाने रोही आणि रानडुक्कर वावरात शिरणार नाहीत, ही त्यामागची आशा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री अभयारण्यात मचाणावर बसायला आलेल्या पाहुण्याला मात्र नेमकी उलटी सूचना मिळते. अत्तर लावू नका, विडी-सिगारेट पेटवू नका, आपला वास जनावरापर्यंत जाऊ देऊ नका.

एकजण आपला वास पसरवतो, दुसरा लपवतो. दोघांचाही भरवसा एकाच गोष्टीवर आहे: जनावराला माणसाचा वास कळतो आणि त्या वासाला ते भितं. यात तिसरा पक्षही आहे, शिकाऱ्याचा. भारतात आज हरणाची शिकार हा गुन्हा आहे. पण वास लपवण्याचं सगळ्यात जुनं ज्ञान शिकारीतूनच आलं, आणि ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे तिथे याच प्रश्नावर मोठा धंदा उभा आहे. माणसाचा वास खरोखर झाकता येतो का, आणि पसरवला तर तो राखण करतो का? उमरखेडसारख्या तालुक्यात हा प्रश्न कुतूहलापुरता राहत नाही. तो पिकाचा आणि रात्रीच्या झोपेचा प्रश्न होतो.

पैनगंगेचा काठ

उमरखेड हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं पैनगंगा अभयारण्य सुमारे 325 चौरस किलोमीटरचं आहे. सागाचं कोरडं रान, उन्हाळ्यात आटत जाणारे ओढे, नदीपात्रातले डोह आणि मुरलीजवळचा सहस्रकुंड धबधबा ही त्याची ओळख. चितळ, सांबर, भेकर, चौसिंगा, रोही, रानडुक्कर, अस्वल आणि बिबट्या ही इथली जनावरं.

रानाला लागूनच शेती आहे. पावसाळ्यात सोयाबीन, कापूस आणि तूर, हिवाळ्यात हरभरा आणि गहू. इसापूर धरणाचं पाणी पोचतं तिथे ऊस आणि हळदही. रोही कोवळा हरभरा आणि तूर खातो आणि खाण्याहून जास्त तुडवतो. डुकरांचा कळप एका रात्रीत उसाचा किंवा भुईमुगाचा तुकडा उकरून टाकतो. म्हणून जागल आली. वावरात चार खांबांवर माळा बांधायचा, शेकोटी किंवा बॅटरी घेऊन रात्र काढायची, आवाज आला की डबा वाजवायचा. आता त्यात झटका मशीनची, साड्यांच्या कुंपणाची आणि वासाच्या औषधांची भर पडली आहे.

कायद्याची चौकट 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आखून दिली. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. पिकांचं नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी मात्र महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये अटींसह पारधीचा परवाना देण्याची सोय केली. त्यामुळे वासाचा प्रश्न या भागात दोन टोकांना उभा आहे: जनावर जवळून पाहायचं असेल तेव्हा, आणि त्याला दूर ठेवायचं असेल तेव्हा.

पारध्याचं शहाणपण

वास लपवण्याची विद्या भारतात नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचवलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मृगयेवर स्वतंत्र विवेचन आहे. राजाच्या करमणुकीची शिकार आणि पोटासाठी केलेली पारध या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. दुसरीचं ज्ञान लिहून ठेवलं गेलं नाही. ते बापाकडून लेकाकडे गेलं.

विदर्भात या ज्ञानाचे सगळ्यात जाणकार वारसदार म्हणजे फासेपारधी. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला तरी शिक्का पुसायला पिढ्या जाव्या लागल्या. याच समाजाची जनावराच्या सवयींची पारख मात्र भल्याभल्या वनाधिकाऱ्यांनी मानली आहे. उघड्या माळावर काळविटाजवळ जायला पारधी शिकवलेली गाय किंवा बैल पुढे घालत. गाय चरत चरत सरकते, माणूस तिच्या आडोशाने वाकून चालतो. हरणाच्या डोळ्यांना गुराची आकृती दिसते, नाकाला गुराचा वास येतो. माणसाचा वास यात नाहीसा होत नाही, ओळखीच्या वासात मिसळतो. आज परदेशात बाटलीत भरून विकल्या जाणाऱ्या ‘झाकणवासा’मागची कल्पना हीच आहे.

दुसरा नियम वाऱ्याचा. मूठभर बारीक माती किंवा वाळलेलं गवत सोडायचं, ते कुणीकडे जातं ते पाहायचं आणि वारा तोंडावर घेऊन चालायचं. वारं पाठीवर आलं की फेरा मारायचा, नाहीतर परत फिरायचं. या नियमाबद्दल पारधी, जुने शिकारी, वनरक्षक आणि छायाचित्रकार यांच्यात कधीही मतभेद नव्हता.

ही जाण आता दुसऱ्या कामी येते आहे. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाड इथली ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन माळरानं आणि तिथली पाखरं राखण्याचं काम करते. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यही तिथून जवळच आहे.

नाकाचं काम

हरणाचं ओलं नाक शोभेसाठी नसतं. हवेतून आलेले वासाचे कण त्या ओलाव्यावर टिकतात आणि आतल्या लांबट पोकळीत गंधपेशींपर्यंत पोचतात. तोंडाच्या वरच्या भागात आणखी एक गंधेंद्रिय असतं, जेकबसनचं. मादी माजावर आहे का हे कळायला नर तिच्या मूत्राचा वास घेऊन वरचा ओठ वळवतो, मान ताणतो आणि क्षणभर स्तब्ध उभा राहतो, ते या इंद्रियासाठी. काळवीट डोळ्याच्या कोपऱ्याखालच्या ग्रंथीतला स्राव काडीला लावून हद्द आखतो. रोही ठरावीक जागी लेंड्या टाकतो आणि ढीग वाढत जातो. या जनावरांचं निम्मं बोलणं वासातून चालतं.

माणूस या बोलण्यात नको असताना शिरतो. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेतल्या ग्रंथींच्या स्रावावर त्वचेवरचे जीवाणू काम करतात आणि तिखट वासाची आम्लं तयार होतात. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या जॉर्ज प्रेती यांनी काखेच्या वासातलं ‘3-मिथिल-2-हेक्झेनॉइक आम्ल’ ओळखलं. शिवाय त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे सतत गळत असतात, श्वासातून वायू बाहेर पडतो, केसांना तेल लावलेलं असतं, कपड्यांना साबणाचा आणि धुराचा वास असतो. अंघोळ केली तरी काही वेळाने हे सगळं पुन्हा सुरू होतं, कारण उगम त्वचेतच आहे. वास झाकणाऱ्या प्रत्येक उपायाला या न थांबणाऱ्या झऱ्याशी सामना करावा लागतो.

सगळ्या जनावरांचं नाक मात्र सारखं नाही, आणि चर्चेत हाच मुद्दा सगळ्यात आधी निसटतो. दाट रानातलं सांबर नाका-कानांवर जगतं. संशय आला की ते शेपूट उभारतं, पुढचा पाय आपटतं आणि मोठ्याने ढाँक देतं. उघड्या माळावरचं काळवीट प्रामुख्याने डोळ्यांवर विसंबतं. रोह्याचे डोळे आणि कान तीक्ष्ण आहेत, घ्राणशक्ती मात्र तुलनेने बेताची मानली जाते. रानडुकराचं नेमकं उलटं: नजर अधू, नाक अफाट. एकाच वावरावर रोही आणि डुक्कर दोघेही येत असतील, तर वासाचा एकच उपाय दोघांवर सारखा चालेल ही अपेक्षाच मुळात कच्ची आहे.

झाकण्याचा बाजार आणि त्याची परीक्षा

हरणाची शिकार कायदेशीर असलेल्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी वास झाकण्याचा मोठा बाजार आहे. बिनवासाचे साबण, कपड्यांवर मारायचे फवारे, ओझोन सोडणारी यंत्रं, कोल्ह्याचं मूत्र, ओल्या मातीचा किंवा देवदाराचा अर्क आणि सक्रिय कोळशाचं अस्तर असलेले सूट. 1992 मध्ये सुरू झालेली ‘सेंट-लॉक’ ही कंपनी अशा कोळशाच्या कपड्यांसाठी ओळखली जाते. यातल्या काही उपायांची आपल्या जनावरांवरही परीक्षा होते. 1930 च्या सुमारास टेक्सासमध्ये नेऊन सोडलेल्या चितळांची आणि रोह्यांची संख्या तिथे इतकी वाढली की त्यांची रीतसर शिकार होते. उमरखेडच्या रानातलं चितळ आणि टेक्सासच्या टेकड्यांमधलं ‘ॲक्सिस डिअर’ एकाच जातीचं.

या उपायांबद्दल तीन मतं आहेत.

पहिलं मत वापरणाऱ्यांचं. वास शून्यावर येत नसला तरी कमी होतो, आणि कमी झालेला वास अर्धी बाजी राखतो. वारा वळला तरी जनावर लगेच बिथरत नाही, अंतर घटतं, क्षणभर वेळ मिळतो. त्यांच्या म्हणण्याला अनेक हंगामांच्या अनुभवाचा आधार आहे. अडचण अशी की त्याच हंगामांत त्यांनी वाऱ्याचीही काळजी घेतलेली असते; यश नेमकं कशाचं, हे वेगळं काढता येत नाही.

दुसरं मत संशय घेणाऱ्यांचं. सक्रिय कोळसा वासाचे रेणू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो हे रसायनशास्त्राने सिद्ध आहे, पण तो पृष्ठभाग भरतो. तो पूर्ण मोकळा करायला लागणारी उष्णता घरच्या कपडे वाळवायच्या यंत्रात मिळत नाही. याच मुद्द्यावर 2007 मध्ये मिनेसोटातल्या काही शिकाऱ्यांनी कोळशाचे कपडे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. 2010 मध्ये संघराज्यीय जिल्हा न्यायालयाने वास ‘नाहीसा’ करण्याचे जाहिरातींमधले काही दावे खोटे ठरवले आणि मनाईहुकूम दिला. 2011 मध्ये अपील न्यायालयाने तो मनाईहुकूम उठवला. कपडे काहीच करत नाहीत असं त्या खटल्यात ठरलं नाही, आणि ते वास पूर्ण नाहीसा करतात असंही नाही. दोन्ही बाजू आजही आपापल्या सोयीची ओळ उचलतात.

तिसरं मत प्रयोग करणाऱ्यांचं. अमेरिकी कृषी खात्याचे संशोधक जॉन शिविक यांनी 2002 मध्ये शोधकुत्र्यांवर कोळशाच्या सूटची चाचणी प्रसिद्ध केली. सूट घालून लपलेली माणसं आणि साध्या कपड्यांत लपलेली माणसं, दोन्ही कुत्र्यांनी बहुतेक वेळा शोधून काढली. वारा आणि हवामान यांचा परिणाम मात्र शोधावर झाला. कुत्रा शिकवलेला आणि शोधायला सोडलेला होता, हरीण मात्र चरता चरता वास घेतं, हा या चाचणीवरचा रास्त आक्षेप. पुढे 2014 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात स्वयंचलित कॅमेऱ्यांवर वास झाकणारी उत्पादनं वापरून पाहिली. कॅमेरा लावताना हाताला-बुटाला राहिलेला माणसाचा वास झाकला, तरी टिपल्या गेलेल्या प्राण्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. व्याघ्रगणनेसाठी कॅमेरे लावत फिरणाऱ्या आपल्याकडच्या वनकर्मचाऱ्यांसाठी ही दिलाशाची गोष्ट आहे.

यात एक धोकाही आहे. आमिष म्हणून विकल्या जाणाऱ्या हरणाच्या मूत्रातून हरणांना होणाऱ्या एका जीवघेण्या मेंदूविकाराचे प्रिऑन पसरू शकतात, म्हणून व्हर्जिनिया, व्हरमाँट अशा राज्यांनी त्याचा वापर बंद केला. एका रानातला वास दुसऱ्या रानात नेणं ही निरुपद्रवी गोष्ट नाही, हे तिथे उशिरा उमगलं.

उलटी बाजू: वासाची राखण

शेतकऱ्याचा प्रश्न शिकाऱ्याच्या बरोबर उलट. त्याला आपला वास रात्रभर वावरात ठेवायचा आहे.

माणसाच्या केसांचा उपाय जगभर करून पाहिला गेला आहे. अमेरिकेत मायकेल कोनोव्हर यांनी 1980 च्या दशकात रोपवाटिकांमध्ये आणि सफरचंदाच्या कोवळ्या झाडांवर केसांची इतर उपायांशी तुलना केली. हरणांचं खाणं थांबवण्याइतका भक्कम उपाय म्हणून केस पुढे आले नाहीत. भारतात रानडुकरांसाठी केसांची शिफारस थोड्या वेगळ्या कारणाने होते. हैदराबादच्या राजेंद्रनगर इथल्या कृषी विद्यापीठात उपद्रवी प्राण्यांवर काम करणाऱ्या प्रकल्पाने बांधावर केस पसरण्याचा उपाय सांगितला. डुक्कर जमीन हुंगत चालतं, त्यामुळे केस नाकपुड्यांत जाऊन त्याला त्रास होतो. म्हणजे इथे वासाबरोबर टोचणीही काम करते. रोही मात्र मान वर करून चालतो. धुऱ्यावरच्या केसांशी त्याच्या नाकाची गाठ क्वचितच पडते. वावरात केस टाकूनही रोही आला, अशी तक्रार असणाऱ्याने उपाय चुकीच्या जनावरावर केलेला असू शकतो.

याच प्रकल्पाने पिकाभोवती एरंडी किंवा करडईची दाट ओळ घेण्याचाही सल्ला दिला आहे. एरंडीचा उग्र वास पिकाचा वास दाबतो, करडईचे काटे अडवतात. यात माणसाच्या वासाचा संबंध नाही, पण झाकण्याची कल्पना आहेच. फरक एवढाच, की झाकायचा आहे तो पिकाचा वास.

भक्षकाच्या वासावरचं संशोधन यापेक्षा पुढे गेलं आहे. डेल नोल्टे आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये दाखवलं की मांस खाणाऱ्याच्या मूत्रातले गंधकयुक्त घटक शाकाहारी जनावराला नकोसे वाटतात. त्याच भक्षकाला शाकाहार दिला की त्याच्या मूत्रातली जरब कमी होते. 2001 मध्ये वॅग्नर आणि नोल्टे यांनी हरणांसाठीच्या 20 प्रतिकारकांची तुलना केली. त्यात कुजलेल्या अंड्यासारखा गंधकाचा वास देणारी औषधं सरस ठरली. कुजलेल्या अंड्याचं पाणी फवारणारे आपले शेतकरी या निष्कर्षाच्या जवळच आहेत. पाऊस आला की थर धुऊन जातो आणि पुन्हा फवारावं लागतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही.

काही उपायांची किंमत मात्र जबर आहे. फोरेट या विषारी कीटकनाशकाची पुडकी कापडात बांधून धुऱ्यावर टांगण्याची पद्धत अनेक भागांत होती. वास उग्र, पण दाणा खाली पडला की पाखरं, गुरं आणि लेकरं यांच्या जिवावर बेततो. देशात फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. कुंपणात थेट वीजप्रवाह सोडणं हाही गुन्हा आहे, आणि त्याने जनावरांबरोबर माणसंही मेली आहेत. कमी दाबाचे ठोके देणारं झटका मशीन ही निराळी गोष्ट आहे. नावं सारखी वाटली तरी दोन्हींची गल्लत होऊ नये.

पांढरकवड्याचं अत्तर

वासाचा आणखी एक प्रयोग याच जिल्ह्यात झाला आणि जगभर गाजला. 2018 मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात टी-1, म्हणजे अवनी, या वाघिणीचा शोध चालू होता. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. हत्ती, ड्रोन, कॅमेरे यांच्या जोडीला वनविभागाने एक परदेशी अत्तरही वापरून पाहिलं: केल्विन क्लाइन कंपनीचं ‘ऑब्सेशन फॉर मेन’.

हे अत्तर निवडण्यामागे इतिहास होता. 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात पॅट थॉमस यांनी चित्त्यांसमोर 24 अत्तरं ठेवली होती. याच अत्तराशी ते सगळ्यात जास्त, सरासरी 11 मिनिटं, रेंगाळले. त्यात जवादी मांजराच्या स्रावासारखा कृत्रिम गंध असतो. मार्जारकुळाला तो हद्दीच्या खुणेसारखा भासतो, असं मानलं जातं. ग्वाटेमालात जग्वारना कॅमेऱ्यासमोर थांबवायलाही हेच अत्तर वापरलं गेलं.

अवनीला 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळी घातली गेली. त्या कारवाईवरून उठलेला कायदेशीर आणि नैतिक वाद मोठा आहे आणि तो या लेखाचा विषय नाही. अत्तराने वाघीण खरोखर जवळ आली का, हेही त्या गोंधळात कधी नीट तपासता आलं नाही. वासाच्या विषयात मात्र या प्रसंगाने एक गोष्ट पुढे आणली: वासाचा अर्थ घेणाऱ्यागणिक बदलतो. जे अत्तर वाघाला थांबवतं, ते लावून मचाणावर बसलेल्या माणसाला चितळ दूरवरून ओळखेल. मचाणावर अत्तर नको ही जुनी सूचना म्हणून बरोबर ठरते, जरी तिच्यामागे कुणी प्रयोग केलेला नसला तरी.

भीती आणि सवय

या सगळ्याखाली एक मूळ प्रश्न आहे. माणसाच्या वासाला हरीण जन्मतः भितं, की त्या वासाबरोबर धोका येतो हे शिकून भितं?

शिकलेली भीती मानणाऱ्यांकडे सवयीचे भक्कम दाखले आहेत. चेन्नईच्या आयआयटीच्या आवारात चितळं विद्यार्थ्यांच्या वाटेवर चरतात. कान्हा-ताडोबात पर्यटकांच्या गाड्यांपासून हाकेच्या अंतरावर कळप उभे राहतात. माणसाच्या वासात ती दिवसभर वावरतात आणि काही बिघडत नाही हे त्यांना कळलेलं असतं. शेतातल्या केसांचंही तेच होतं. पहिले काही दिवस जनावर बिचकतं. वासामागे माणूस येत नाही हे कळलं की पट्टा ओलांडतं. म्हणून उपाय अदलाबदल करत वापरावेत, असं कृषी सल्लागार सांगतात.

दुसऱ्या बाजूला भीती खोल रुजलेली आहे असं मानणारे आहेत. 2023 मध्ये लियाना झॅनेट आणि मायकेल क्लिंची यांच्या चमूने दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात पाणवठ्यांवर ध्वनिक्षेपक लावले. शांतपणे बोलणाऱ्या माणसांचे आवाज ऐकून प्राणी सिंहाच्या आवाजापेक्षा दुप्पट प्रमाणात पळाले आणि पाणवठा 40 टक्के लवकर सोडून गेले. प्रयोग आवाजाचा होता, वासाचा नव्हता. पण माणूस हा प्राण्यांच्या लेखी सगळ्यात भीतिदायक भक्षक आहे, हे त्यातून ठळक झालं.

ही दोन मतं एकमेकांना पूर्ण छेद देत नाहीत. जिथे माणूस मारतो तिथे भीती टिकते, जिथे मारत नाही तिथे विरते. उमरखेडचं रान या दोन्हींच्या मधलं आहे. अभयारण्याच्या आत माणूस निरुपद्रवी, वावरात तो आरडाओरडा करणारा, आणि चोरट्या शिकारीच्या रात्री जीवघेणा. त्याच चितळाला एकाच आठवड्यात तिन्ही माणसं भेटू शकतात, आणि तिघांचा वास सारखाच असतो.

काय ठरलं, काय राहिलं

काही गोष्टींवर सगळ्या बाजूंचं एकमत आहे. वाऱ्याची दिशा ही सगळ्यात निर्णायक बाब. दिवसा तापलेली हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळी गार होऊन नाल्यात उतरते, त्यामुळे एकाच मचाणावर सकाळ-संध्याकाळ वासाची वाट बदलते. माणसाचा वास पूर्ण नाहीसा करणारा उपाय आजवर सिद्ध झालेला नाही. आणि शेतात एकटा वास फार दिवस राखण करत नाही.

उरलेले प्रश्न आपल्याकडेच सुटायचे आहेत. माणसाच्या वासातल्या कोणत्या घटकाने सांबर ढाँकतं? तेल लावलेले आणि बिनतेलाचे केस सारखेच काम करतात का? रोह्याच्या नाकाची मर्यादा पाहता त्याच्यासाठी वासापेक्षा हालचाल आणि उजेड यांवर भर द्यावा का? केसांचा पट्टा किती रात्रींनी निष्प्रभ होतो, आणि मध्ये माणूस फिरून गेला तर तो मुदतवाढ घेतो का? वास झाकण्याचं ज्ञान सुधारलं तर त्याचा फायदा छायाचित्रकाराइतकाच चोरट्या शिकाऱ्यालाही होईल, याचा विचार कुणी करायचा?

यातले बरेच प्रश्न महागड्या प्रयोगशाळेचे नाहीत. रानाला लागून असलेली सारख्या आकाराची वावरं निवडायची. काहींच्या धुऱ्यावर केस, काहींवर अंड्याचं पाणी, काही मोकळी ठेवायची. प्रत्येक धुऱ्यालगत मऊ मातीचा पट्टा वखरून सकाळी त्यावरचे खूर मोजायचे, रोह्याचे वेगळे आणि डुकराचे वेगळे. सोबत रात्रीचा वारा कुणीकडचा होता ते लिहून ठेवायचं. जागल करणाऱ्या माणसाला यातलं बहुतेक आजही ठाऊक असतं. हरभऱ्याच्या दिवसांत तो माळ्यावरून उतरतो, धुऱ्यावर वाकून खूर पाहतो, आणि डुक्कर कोणत्या कोपऱ्यातून आलं हे शेजाऱ्याला सांगतो. वहीत मात्र ते उतरत नाही.